शिकायला परदेशात, तारण भिवंडीत: शैक्षणिक कर्ज फेडताना काय माहीत असायला हवं?

मुलगा किंवा मुलगी परदेशात शिकायला जाते, तेव्हा कर्जाच्या कागदांवर फक्त तिचीच सही नसते. वडिलांची असते, कधी आईची, कधी मामाची. तारण म्हणून कामतघरचा फ्लॅट असतो, नाहीतर यंत्रमागाचा गाळा. शिक्षण संपतं, तिकडे नोकरी लागते किंवा लागत नाही, पण बँकेची नोटीस येते ती भिवंडीच्या पत्त्यावर.

शैक्षणिक कर्ज कसं मिळवायचं, यावर माहितीचा पूर आहे. पण परदेशात राहून ते फेडायचं कसं, खातं कोणतं लागतं, नोकरी गेली तर काय करायचं आणि हप्ते थांबले तर घरच्यांवर काय वेळ येते, याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. तेच इथे सविस्तर पाहू.

कर्ज नेमकं कोणाचं?

बहुतेकांचा समज असतो की कर्ज विद्यार्थ्याचं आणि पालक फक्त 'सही करणारे'. कायद्याच्या नजरेत तसं नाही.

पालक बहुधा सहकर्जदार असतात. म्हणजे कर्ज त्यांचंही आहे. विद्यार्थ्याने हप्ता भरला नाही, तर बँक पहिल्या दिवसापासून त्यांच्याकडे पैसे मागू शकते. जामीनदाराची स्थितीही फार वेगळी नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. 'आधी पोराला पकडा, मग माझ्याकडे या' असं जामीनदार म्हणू शकत नाही, करारात तसं लिहिलं असेल तरच गोष्ट वेगळी.

सिबिलसारख्या पतसंस्थांच्या नोंदीतही हे कर्ज दोघांच्या नावावर दिसतं. तिकडे एक हप्ता चुकला की इकडे वडिलांचा स्कोअर घसरतो. उद्या धाकट्या बहिणीच्या शिक्षणासाठी किंवा नव्या मागांसाठी कर्ज हवं असेल, तर ही नोंद आडवी येते.

भिवंडीत तारणाचा प्रश्न वेगळा का आहे?

इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनुसार साडेसात लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही. त्यासाठी २०१५ पासून केंद्र सरकारचा पतहमी निधीही आहे. पण परदेशातल्या दोन वर्षांच्या मास्टर्सचा खर्च एवढ्यात भागत नाही. कर्ज त्याच्या पुढे गेलं की बँका सहसा मालमत्ता मागतात. काही नामांकित विद्यापीठांसाठी त्या यात सवलत देतात.

बँकेचा वकील मालमत्तेची साखळी, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र तपासतो. भिवंडीत अनेकांची गाडी इथेच अडते, कारण शहरात आणि आसपासच्या गावांत विनापरवाना इमारतींची संख्या मोठी आहे. घरपट्टी नियमित भरली म्हणून इमारत अधिकृत ठरत नाही. गावाकडच्या शेतजमिनीचाही बँकेला फार उपयोग नसतो. थकबाकी झाल्यावर मालमत्ता ताब्यात घेण्याचा जो कायदा बँका वापरतात, तो सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही.

मग दोन वाटा उरतात. एक म्हणजे नातेवाइकाची मालमत्ता तारण ठेवणे. दुसरी म्हणजे बिगरबँक वित्तीय संस्थेकडून, म्हणजे एनबीएफसीकडून, विनातारण कर्ज घेणे. तिथे व्याजदर सरकारी बँकेपेक्षा सहसा जास्त असतो आणि शिक्षण सुरू असतानाच थोडंफार व्याज भरावं लागतं.

गाळा तारण ठेवणाऱ्यांनी एक गोष्ट वेगळी लक्षात घ्यावी. राहता फ्लॅट गेला तर घर जातं. माग चालणारा गाळा गेला तर तारणही जातं आणि हप्ता भरण्याचं साधनही जातं. शिवाय यंत्रमागाची कमाई सुताच्या भावावर, कापडाच्या मागणीवर आणि वीजबिलावर हलते. 'पोराला अडचण आली तर आम्ही भरू' हे वाक्य बोलण्याआधी मंदीच्या महिन्यात आपण किती भरू शकतो, याचा हिशेब कागदावर मांडून पाहा.

'आत्ता काही भरायचं नाही' म्हणजे नेमकं काय?

शिक्षणाचा काळ आणि त्यानंतर बँकेनुसार सहा महिने ते एक वर्ष हप्ता सुरू होत नाही. याला मोरॅटोरियम म्हणतात. या काळात हप्ता थांबतो, व्याज मात्र थांबत नाही. बँका या काळात सहसा सरळ व्याज लावतात आणि हप्ता सुरू होताना ते मुद्दलात मिळवतात.

एक उदाहरण घेऊ. समजा ३० लाखांचं कर्ज आहे आणि व्याजदर १० टक्के आहे. पहिल्या वर्षी १५ लाख उचलले, दुसऱ्या वर्षी उरलेले १५ लाख. कोर्स दोन वर्षांचा आणि पुढे एक वर्षाची सवलत.

- पहिल्या १५ लाखांवर तीन वर्षांचं व्याज: ४.५ लाख
- दुसऱ्या १५ लाखांवर दोन वर्षांचं व्याज: ३ लाख
- हप्ता सुरू होताना डोक्यावर असलेली रक्कम: ३७.५ लाख

म्हणजे एकही हप्ता न चुकवता कर्ज साडेसात लाखांनी वाढलं. आता फेडीचे पर्याय पाहा.

- १५ वर्षांत फेडायचं ठरवलं तर हप्ता साधारण ४०,३०० रुपये. एकूण भरणा सुमारे ७२.५ लाख.
- १० वर्षांत फेडायचं ठरवलं तर हप्ता साधारण ४९,५५० रुपये. एकूण भरणा सुमारे ५९.५ लाख.

आणि मोरॅटोरियममध्ये घरच्यांनी दरमहा फक्त व्याज भरलं असतं तर? पहिल्या वर्षी महिना १२,५०० आणि नंतरची दोन वर्षं महिना २५,००० रुपये. मग मुद्दल ३० लाखांवरच राहिलं असतं आणि १५ वर्षांचा हप्ता साधारण ३२,२०० झाला असता. या काळात व्याज भरणाऱ्यांना अनेक बँका व्याजदरात सवलतही देतात. सगळं व्याज जमणार नसेल, तर निम्मं भरलं तरी फरक पडतो.

हे सगळे आकडे व्याजदर स्थिर धरून काढले आहेत. प्रत्यक्षात बहुतेक शैक्षणिक कर्जांचा दर बदलता असतो. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर २०२० मध्ये ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये तो ६.५० टक्क्यांवर गेला आणि डिसेंबर २०२५ मध्ये ५.२५ टक्क्यांवर आला. रेपोशी जोडलेल्या कर्जाचा हप्ता किंवा मुदत यामागोमाग बदलते. मंजुरीच्या वेळचा दर शेवटपर्यंत राहील, असं धरून चालू नका.

परदेशात गेल्यावर जुनं बँक खातं चालतं का?

शिक्षणासाठी परदेशात गेलेले विद्यार्थी परकीय चलनाच्या नियमांत अनिवासी भारतीय मानले जातात. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २००३ मध्येच हे स्पष्ट केलं होतं. त्याच परिपत्रकात असंही म्हटलं होतं की निवासी असताना घेतलेलं शैक्षणिक कर्ज पुढेही चालू राहू शकतं. त्यामुळे 'एनआरआय झालो तर कर्ज रद्द होईल' या भीतीने बँकेपासून काही लपवू नका.

खात्याचं मात्र बघावं लागतं. निवासी बचत खातं एनआरओ खात्यात बदलून घ्यावं लागतं. दुसरा प्रकार एनआरई खात्याचा आहे.

- एनआरओ: भारतातलं उत्पन्न, म्हणजे भाडं, व्याज वगैरे, यात जमा होऊ शकतं. यावरच्या व्याजावर भारतात कर लागतो.
- एनआरई: परदेशातली कमाई रुपयांत ठेवण्यासाठी. खातेदार अनिवासी असेपर्यंत यावरचं व्याज भारतात करमुक्त असतं आणि पैसे मोकळेपणाने परत परदेशी नेता येतात.

दोन्हींतून कर्जाचा हप्ता भरता येतो. एक धोका मात्र ध्यानात ठेवा. खात्याचा प्रकार बदलताना हप्त्याचं स्वयंचलित मँडेट बंद पडू शकतं. खात्यात पैसे असूनही हप्ता जात नाही आणि बाउन्सचा दंड मात्र लागतो. खातं बदललं की नवं मँडेट नोंदवा आणि पहिला हप्ता गेला का, ते स्वतः तपासा.

दुसरी नेहमीची अडचण म्हणजे ओटीपी. भारतातलं सिम रिचार्ज न केल्याने बंद पडतं आणि कर्जखातं उघडणंच थांबतं. निघण्याआधी बँकेत ई-मेल नोंदवा, तो पालकांनाही दिसेल अशी सोय करा आणि सिम चालू ठेवा. परदेशी क्रमांक नोंदवता येतो का, तेही विचारा. अमेरिका, ब्रिटन, यूएई, सौदी अरेबिया, कतार यांसह काही देशांतल्या मोबाइल क्रमांकावर एनआरई आणि एनआरओ खात्यातून यूपीआयही वापरता येतं.

पैसे पाठवायचे कसे?

तीन सरळ मार्ग आहेत. स्वतःच्या एनआरई खात्यात पाठवून तिथून हप्ता कापू द्यायचा. बँक परवानगी देत असेल तर थेट कर्जखात्यात भरायचे. किंवा आईवडिलांच्या खात्यात पाठवायचे आणि त्यांनी हप्ता भरायचा. मुलाने आईवडिलांना पाठवलेल्या पैशावर त्यांना आयकर लागत नाही, कारण जवळच्या नातेवाइकाकडून आलेली भेट करपात्र नसते.

दर महिन्याला पाठवताना केवळ शुल्क पाहू नका. 'शून्य शुल्क' म्हणणारे डॉलरमागे किती रुपये देतात, ते त्या दिवसाच्या बाजारदराशी ताडून बघा. खरा खर्च तिथे लपलेला असतो. अमेरिकेत १ जानेवारी २०२६ पासून रोख रक्कम, मनीऑर्डर किंवा कॅशियर्स चेक देऊन परदेशी पाठवलेल्या पैशावर १ टक्का कर आहे. बँक खात्यातून किंवा अमेरिकी डेबिट, क्रेडिट कार्डवरून पाठवल्यास तो लागत नाही.

आखाती देशांतून हुंडी किंवा हवाल्याने पैसे पाठवण्याचा मोह काहींना होतो. घरी पैसे लगेच पोचतात, दरही थोडा बरा मिळतो. पण परकीय चलन कायद्यानुसार हा मार्ग बेकायदा आहे. शिवाय पैसे कुठून आले, याचा कागदच उरत नाही. उद्या आयकर खात्याने विचारलं किंवा बँकेशी वाद झाला, तर दाखवायला काही नसतं.

रुपया घसरला तर फायदा की तोटा?

कर्ज रुपयांत आणि कमाई डॉलरमध्ये असेल तर फायदा. डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला डॉलर ९० रुपयांच्या पुढे गेला. ४०,३०० रुपयांच्या हप्त्याला ८० च्या दराने सुमारे ५०४ डॉलर लागतात, ९० च्या दराने सुमारे ४४८.

काही परदेशी संस्था विनातारण, डॉलरमध्ये कर्ज देतात. तिथे नोकरी टिकली तर ठीक. पण भारतात परतावं लागलं तर पगार रुपयांत आणि हप्ता डॉलरमध्ये, अशी उलटी स्थिती होते आणि मग रुपयाची प्रत्येक घसरण हप्ता वाढवते. घर वाचवण्यासाठी घेतलेल्या या कर्जाचा हा धोका सही करण्याआधी समजून घ्या.

लवकर फेडावं का?

बदलत्या व्याजदराचं वैयक्तिक कर्ज मुदतीआधी फेडलं तर बँक किंवा एनबीएफसी दंड आकारू शकत नाही. शैक्षणिक कर्जही यात येतं. वरच्या उदाहरणात १५ वर्षांच्या मुदतीतही दरमहा ४०,३०० ऐवजी ६०,००० भरले, तर कर्ज साधारण साडेसात वर्षांत संपतं आणि सुमारे १९ लाख रुपये वाचतात.

म्हणून एक व्यवहार्य रीत अशी: मुदत लांब घ्या, म्हणजे सक्तीचा हप्ता लहान राहील. नोकरी चालू आहे तोवर त्याहून जास्त भरा. नोकरी गेली तर लहान हप्त्यावर परत या. जादा रक्कम भरताना ती मुद्दलात वळवायला लेखी सांगा, नाहीतर काही ठिकाणी ती पुढच्या हप्त्यांपोटी पडून राहते.

कराची सवलत कोणाला?

आयकरात ८०ई या नावाने ओळखली जाणारी सवलत शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर मिळते, मुद्दलावर नाही. रकमेला वरची मर्यादा नाही. पण अटी आहेत.

- सवलत फक्त जुन्या करप्रणालीत मिळते.
- व्याज भरायला सुरुवात केलेलं वर्ष आणि पुढची सात, अशी एकूण आठ वर्षंच मिळते.
- कर्ज बँक, मान्यताप्राप्त वित्तीय संस्था किंवा मान्य धर्मादाय संस्थेचं हवं. काकांकडून घेतलेल्या उसन्या पैशाला ती नाही.
- ज्याने कर्ज घेतलं आणि स्वतःच्या करपात्र उत्पन्नातून व्याज भरलं, त्यालाच ती मिळते.

शेवटची अट महत्त्वाची. हप्ता मुलगी कॅनडातून भरत असेल, तर वडिलांना ती सवलत घेता येत नाही. मुलीचं भारतात करपात्र उत्पन्नच नसेल तर तिलाही उपयोग नाही. आणि शिक्षण चालू असताना पालकांनी व्याज भरायला सुरुवात केली की त्यांच्या आठ वर्षांचं घड्याळही तेव्हाच सुरू होतं. तरीही व्याज वाचवण्याचा फायदा सहसा मोठा असतो.

नोकरीच मिळाली नाही तर?

परदेशात शिक्षण संपल्यावर राहण्याची मुदत ठरलेली असते. अमेरिकेत ओपीटीचे १२ महिने आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शाखांना आणखी २४ महिने. ब्रिटनमध्ये ग्रॅज्युएट व्हिसावर दोन वर्षं, १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांसाठी दीड वर्ष. जर्मनीत नोकरी शोधायला १८ महिने. बँकेची सवलत आणि व्हिसाची मुदत एकाच वेळी संपत येते, आणि गप्प बसण्याची चूक नेमकी इथे होते.

हप्ता चुकण्याआधी बँकेला ई-मेल करा. नोकरीचे अर्ज, नकारपत्रं, व्हिसाची स्थिती जोडा. बँक्स असोसिएशनच्या आदर्श योजनेत बेकारीच्या किंवा अपुऱ्या पगाराच्या काळासाठी कर्जाच्या आयुष्यात दोन-तीन वेळा, एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने, सवलत देण्याची तरतूद आहे. सुरुवातीला लहान आणि पुढे वाढत जाणारा हप्ताही मागता येतो. बँकांना हे बंधनकारक नाही, प्रत्येक बँकेचं धोरण वेगळं. पण थकबाकी होण्याआधी मागणाऱ्याला मिळण्याची शक्यता जास्त असते.

आणि घरी खरं सांगा. तिकडे नोकरी गेलेली असताना 'सगळं ठीक आहे' म्हणणाऱ्या मुलांची संख्या कमी नाही. घरच्यांना कळतं ते थेट नोटिशीतून. तीन महिने आधी कळलं असतं, तर एखादी ठेव मोडून किंवा भिशी उचलून हप्ता निभावता आला असता.

हप्ते थांबले तर काय काय होतं?

घटनाक्रम साधारण असा असतो.

१. हप्ता चुकला की दंड लागतो आणि पतअहवालात नोंद होते. एप्रिल २०२४ पासून बँका दंडावर व्याज लावू शकत नाहीत किंवा दंडाच्या नावाखाली व्याजदर वाढवू शकत नाहीत.

२. थकबाकीला ९० दिवस उलटले की कर्ज एनपीए, म्हणजे अनुत्पादित, ठरतं.

३. तारण असेल तर सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) ची ६० दिवसांची नोटीस येते. याला लेखी हरकत घेता येते आणि बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

४. त्यानंतर बँक मालमत्तेचा ताबा घेऊ शकते. त्यासाठी ती जिल्हा दंडाधिकाऱ्यांची किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांची मदत मागू शकते.

५. बँकेच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते.

६. शेवटी लिलाव. लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्याआधी पूर्ण रक्कम भरली तर मालमत्ता सोडवता येते. त्यानंतर हा हक्क उरत नाही.

थकबाकी मुद्दल आणि व्याजाच्या २० टक्क्यांहून कमी उरली असेल तर हा कायदा वापरता येत नाही. विनातारण कर्जातही बँक सुटका करत नाही, ती न्यायालयात किंवा २० लाख आणि त्यापुढच्या रकमेसाठी न्यायाधिकरणात जाते. सरकारच्या हमी निधीतून बँकेला भरपाई मिळाली तरी कर्जदाराचं देणं माफ होत नाही.

वसुली एजंट घरी किंवा फोनवर त्रास देत असतील, तर नियम माहीत असू द्या. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही. धमकावणं, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर अपमान करणं याला मनाई आहे. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

तडजोडीचा मार्गही असतो. बँक एकरकमी तडजोड करते, राष्ट्रीय लोकअदालतीतही अशी प्रकरणं मिटतात. पण तडजोडीत मिटवलेलं कर्ज पतअहवालात 'पूर्ण फेडलं' असं न दिसता 'तडजोड' असं दिसतं. पुढची काही वर्षं त्याची किंमत मोजावी लागते.

'मी तिकडेच आहे, बँक काय करणार?'

सोशल मीडियावर असा सल्ला देणारे बरेच भेटतात. तो तीन कारणांनी धोक्याचा आहे.

पहिलं, बँकेला परदेशात जाण्याची गरजच नसते. तारण, सहकर्जदार, जामीनदार सगळे इथेच आहेत.

दुसरं, कर्ज न फेडणं हा दिवाणी मामला असला, तरी हप्त्याचा धनादेश किंवा स्वयंचलित मँडेट पैसे नसल्याने परत गेलं तर फौजदारी तक्रार होऊ शकते. धनादेशासाठी परक्राम्य संलेख कायद्याचं कलम १३८ आणि मँडेटसाठी २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम २५ आहे. दोन्हींत दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

तिसरं, काही देशांशी भारताचे निवाडे अमलात आणण्याचे करार आहेत. यूएईबरोबर १९९९ चा करार आहे. भारतातल्या न्यायालयाचा हुकूमनामा तिथल्या न्यायालयापुढे नेता येतो.

मग विमानतळावर अडवतात का? एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की थकबाकीदारांविरुद्ध लुकआउट नोटीस काढण्याची विनंती करण्याचे सरकारी बँकांना दिलेले अधिकार वैध नाहीत. त्यामुळे निव्वळ हप्ते थकले म्हणून बँकेच्या सांगण्यावरून प्रवास रोखण्याला मोठा लगाम बसला. न्यायालय किंवा न्यायाधिकरण स्वतः आदेश देऊ शकतं, ते वेगळं. आणि हा निकाल प्रवासाबद्दलचा आहे, त्याने कर्ज माफ होत नाही.

कर्ज फिटलं, पुढे काय?

शेवटचा हप्ता भरला म्हणजे काम संपलं असं नाही. बँकेकडून 'थकबाकी नाही' असा दाखला घ्या. मालमत्तेची मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत देणं बँकेला बंधनकारक आहे. तिच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. सातबाऱ्यावर, प्रॉपर्टी कार्डावर किंवा सोसायटीच्या दप्तरात बँकेचा बोजा चढवला असेल, तर तो उतरवून घ्या. महिन्याभराने पतअहवालात कर्ज बंद झाल्याची नोंद दिसते का, तेही पाहा. कर्जदार आणि सहकर्जदार, दोघांच्याही अहवालात.

विमानात बसण्याआधी करायच्या गोष्टी

- मंजुरीपत्र आणि कर्जकराराची प्रत घरात आणि ई-मेलमध्ये, दोन्ही ठिकाणी ठेवा. व्याजदर, मोरॅटोरियम आणि दंडाची कलमं पालकांसोबत बसून वाचा.
- बँकेच्या कामांसाठी पालकांच्या नावे मुखत्यारपत्र करून जा. परदेशातून केलं तर भारतीय दूतावासाचं साक्षांकन किंवा अपोस्टिल लागतं आणि इथे आल्यावर तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरावं लागतं.
- कर्जाइतक्या रकमेचा मुदत विमा काढा. विद्यार्थ्याचं काही बरंवाईट झालं तरी कर्ज सहकर्जदारावर राहतंच.
- किमान तीन हप्त्यांएवढी रक्कम भारतातल्या खात्यात बाजूला ठेवा. नव्वद दिवसांची मर्यादा ओलांडू नये म्हणून ही शिल्लक कामी येते.
- राज्यातल्या महामंडळांच्या योजना तपासा. इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजना आहे, मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडूनही शैक्षणिक कर्ज मिळतं. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची केंद्राची 'पढो परदेश' व्याज अनुदान योजना मात्र २०२२-२३ पासून बंद आहे. तिच्या नावाने कोणी पैसे मागितले तर सावध राहा.
- नातेवाइकाची मालमत्ता तारण असेल, तर त्यांनाही दर सहा महिन्यांनी कर्जाचं विवरण पाठवा. त्यांनी विश्वासावर सही केलेली असते, आणि किती फिटलं, किती उरलं हे त्यांना मागावं न लागता कळलं पाहिजे.